ब्लाऊजात उगवलेली नागली

टेप छातीभोवती फिरत असते तेवढा वेळ बाई हात वर करून गप्प उभी राहते. श्वास धरते, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरला लावते आणि मनाने कुठेतरी निघून जाते. शहापूरच्या बाजारात तेवीस वर्षं ब्लाऊज शिवताना मी अशा हजारो बायका पाहिल्या. त्या कुठे जात असतील, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडत आला. कुणी माहेरच्या विहिरीवर जात असेल, कुणी शाळेच्या पटांगणावर. मी टेप सैल केली की त्या परत येतात, पदर नीट करतात आणि विचारतात, "वहिनी, शुक्रवारी नक्की ना?"

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझं माहेर वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेली एक वाडी. बाबांनी भात आणि नागली पिकवून मला मुरबाडच्या कॉलेजात मराठी विषय घेऊ दिला. निकालानंतर पदवीचा कागद त्यांनी दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तसा घेतला होता. पुढे नोकरी आली नाही, पण शिवणक्लासचं प्रमाणपत्र कामाला आलं. दोन्ही कागद दुकानात शेजारी शेजारी लावले आहेत. आमचे हे पंचायत समितीत शिपाई आहेत. ते गमतीने म्हणतात, "आमच्या घरात ब्लाऊजसुद्धा बी.ए. होऊन बाहेर पडतो."

ब्लाऊजचं काम बाहेरून सोपं दिसतं. छाती, कंबर, उंची, खांदा, गळा, बाही आणि बाही जिथे बसते तो मुंढा, एवढी मापं घ्यायची. कापड सपाट असतं, अंग सपाट नसतं. म्हणून कापडाला चिमट्या घालाव्या लागतात. त्यांना टक्स म्हणतात आणि सगळी कला त्यातच असते. शिलाईच्या आत बोटभर जादा कापड सोडायचं, त्याला आम्ही माया म्हणतो. अंग भरलं की ती माया उसवून ब्लाऊज सैल करता येतो. आणखी एक गोष्ट शिवणक्लासात शिकवत नाहीत. दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेली बाई मला अजून भेटलेली नाही. टेपेला ते लगेच कळतं. टेलर मात्र काही बोलत नाही, एकीकडचा टक्स सुताभराने मोठा घेतो आणि बाई आरशात दोन्हीकडून सारखी दिसते. या न बोलण्याचा मला फार अभिमान होता.

त्या न बोलण्यातूनच माझ्या हातून मोठी चूक झाली.

काशीबाई आमच्या वाडीतली धवलारीण. आमच्याकडे लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. काशीबाईला जुने धवले पाठ आहेतच, शिवाय समोर बसलेल्या वरमाईचं तोंड बघून तिथल्या तिथे नवा जोडताही येतो. माझ्या लग्नात तिनेच गायलं. मी शहापुरात दुकान टाकल्यावर ती मुरबाडवरून दोन गाड्या बदलून ब्लाऊज शिवायला माझ्याकडे येऊ लागली. "आमच्या वाडीचा टेलर हाय, मग दुसऱ्याच्या दारात कशाला उबी राहू?" असं म्हणायची.

आठ-नऊ वर्षांपूर्वी ती एक ब्लाऊज घेऊन आली. डावीकडे ओढत होता. मी टेप लावली. डावी बाजू वाढली होती आणि वाढ नेहमीच्या फरकापेक्षा जास्त होती. मला दिसलं, बोटांना जाणवलंही. मी म्हणाले, "काशीआत्ये, कापड आटलंय."

"आटंल बाय. मी पन आटले."

मी डावीकडची माया उसवून दिली. दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. मी उरलेली मायाही उसवून दिली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते आणि डावीकडे काहीच नव्हतं.

मी तिला डावीकडे आत कापूस भरून ब्लाऊज शिवून दिला. तेव्हा मला तेवढंच सुचलं. कापूस हलका. पुढच्याच लग्नात तिने हळद लावायला हात उचलला आणि कापसाचा गोळा सरकत सरकत गळ्याच्या हाडापाशी येऊन बसला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काशीबाईने खाली पाहिलं, गोळा दोन बोटांनी जागेवर बसवला आणि चाल न मोडता गायली,

"एक डोंगूर राहिला, एक डोंगूर गेला गो,
गेल्या डोंगराच्या जागी माळ मोकळा झाला गो."

ही हकीकत मला माझ्या वहिनीने हसत हसत सांगितली. मीही हसले आणि मशीनकडे वळले, तेव्हा आठवलं. मी दोनदा माया उसवून दिली होती. पहिल्याच वेळी तोंड उघडलं असतं तर?

हा प्रश्न मी मनातच ठेवला. काशीबाई येत राहिली, मी शिवत राहिले.

आता माझं सांगते. माझ्याकडे मापाच्या एकोणीस वह्या आहेत. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, खाली शेऱ्याचा रकाना. 'गळा खोल नको', 'बाही सैल', 'सासूसमोर पाठ झाकलेली हवी' असे शेरे त्यात सापडतील. एकोणीस वह्यांत माझं पान मात्र नाही. टेलर स्वतःचं माप घेत नाही. जुना ब्लाऊज उसवून त्यावर नवा बेतायचा, झालं. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत माझा ब्लाऊज उजवीकडे ओढू लागला. मोदकांवर खापर फोडून मी मशीनपाशी बसले आणि माया उसवायला घेतली. दोन टाके उसवले, तिसऱ्याशी हात थांबला. समोर काशीबाई हात वर करून उभी आहे असं वाटलं. उसवणी खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले.

ते दोन टाके तसेच उसवलेले आहेत. तो ब्लाऊज मी ठेवून दिला आहे.

ऑपरेशन दसऱ्याच्या सुमारास झालं. उजवी बाजू गेली, काखेतल्या गाठीही काढल्या. शुद्धीवर आल्यावर दोन दिवसांनी डॉक्टरबाई समजावून सांगू लागल्या. आता या हाताला सूज येऊ शकते, जपायचं. वजन उचलायचं नाही, चटका बसू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

"टेलर आहे."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग आम्ही दोघी एकदमच हसलो. हसताना टाके दुखले, तेव्हा कळलं की हे टाके दुसऱ्याच टेलरचे. टाका बारीक आणि सरळ होता, मला आवडला.

पुढे केमोच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या दिवसांची आठवण सगळी धुक्यातली आहे. बाटलीतून थेंब पडत असत आणि माझे डोळे मिटत. मग मला हमखास एकच स्वप्न पडे. मी माळशेजच्या डोंगराचं माप घेते आहे. टेप लांब होत होत कड्यावरून खाली जाते, ढग अस्तरासारखे पसरलेले असतात आणि डोंगर श्वास धरून उभा असतो. मी म्हणते, हात वर करा. डोंगर हात वर करतो. त्या वेळी समजलं की हात वर केलेल्या बायका कुठे जात असाव्यात. मीही तिथेच जात होते.

वही सोबत नेत असे, सवयीने. मापं घ्यायला नव्हती म्हणून तिच्यात ओळी लिहू लागले. केस गेले त्या आठवड्यातल्या या ओळी:

"केस गेले, भुवया गेल्या,
पापण्यासुद्धा गेल्या सुट्टीवर;
आरशात आमचे आजोबा बसले
माझ्या साडीत, माझ्या खुर्चीवर."

केमोतलं एक औषध लाल असतं. ते घेतल्यावर लघवीही लाल होते. पहिल्यांदा बघून मी घाबरले, नर्सने सांगितलं की तसं होतंच. तेव्हा लिहिलं:

"कापडाचा रंग गेला की
दुकानदाराशी भांडायचे;
आज माझाच रंग जातोय,
गाऱ्हाणे कुठे मांडायचे?"

हे मी शेजारच्या खुर्चीवरच्या कसाऱ्याच्या बाईंना वाचून दाखवलं. त्या करवंदं, आवळे विकणाऱ्या. हसून हसून त्यांची सुई हलली आणि नर्स आम्हा दोघींवर ओरडली. पुढच्या फेरीला त्या म्हणाल्या, "बाय, माज्यावर पन एक कर ना."

मी म्हटलं, "माप द्या."

"कसलं माप?"

"काय काय गेलं ते सांगा."

"चव गेली," त्या म्हणाल्या. "आमटीत मीठ किती पडतं ते कळत नाय. आमचा म्हातारा गुपचूप खातो."

त्या फेरीतच बेतून दिलं:

"जिभेची चव गेली तशी
आमटीत मीठ दोनदा पडतं;
म्हातारा म्हणतो 'झकास झाली',
त्याचं खोटं गोड लागतं."

बाईंनी ते तीनदा वाचायला लावलं आणि डोळे पुसले. मग प्रत्येक फेरीला ऑर्डरी येऊ लागल्या. मी शिवणकाम सोडून बसले होते, पण गिऱ्हाइकं मला सोडत नव्हती. माझ्या बी.ए.चा असा उपयोग होईल हे बाबांच्या डोक्यात आलं नसतं. असते तर वही दोन्ही हातांत धरली असती त्यांनी.

गमतीआड एक भीती मात्र होती आणि ती मी वहीतही लिहिली नव्हती. हात वर जात नव्हता. खांद्याच्या पातळीला आला की काखेतून दोरी ओढल्यासारखी कळ यायची. कात्रीत बोटं घातली की पाचव्या मिनिटाला मनगट जड व्हायचं. कापणारा हात गेला तर मी कोण? भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले दोन कागद. दुकान बंद होतं. आमचे हे रोज संध्याकाळी जाऊन मशीनवरची धूळ झटकून येत.

पौषात काशीबाई आली. मुरबाडजवळची म्हशाची जत्रा करून, तिथून थेट आमच्याकडे. पिशवीतून हिरवं कापड काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"नातीचं लगीन ठरतंय. पुढल्या साली, तुळशीच्या लग्नानंतर. ह्योच घालून गानार मी. शीव."

मी हात दाखवला. म्हटलं, "आत्ये, आता दुसऱ्या टेलरकडे दे."

"दुसऱ्याला माजं काय म्हाईत? येक डोंगूर, येक माळ. तू शीव. हात येईल तवा शीव."

"आणि नाही आला तर?"

"मंग मी तशीच पदर घिऊन गाईन आनि मांडवात सांगीन, टेलरीण शापुरात रडत बसलीय."

मी खरंच रडायला लागले आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं. की तेव्हा मला कळलं होतं, टेपेला कळलं होतं, मी दोनदा माया उसवून दिली आणि बोलले नाही.

काशीबाई जवळ सरकली. मग म्हणाली, "मला काय कळलं नवतं काय गो? माजंच अंग ना? तुला सांगायचं म्हनूनच आले होते दोनदा. तू म्हनलीस कापड आटलं, मी पन म्हनले आटलं. तू लाजलीस, मी पन लाजले. दोघी येड्या." आणि माझ्या बोडक्या डोक्यावरून तिने हात फिरवला. "आता पुढल्या बाईला लाजू नको."

जाताना दारातून वळून म्हणाली, "कापूस भरू नको. वजन नसतं त्याला, खांदा वर जातो. मी नागली भरते."

नागली म्हणजे शहरात जिला नाचणी म्हणतात ती. मोहरीएवढे दाणे, हातात घेतले तर पाण्यासारखे सरकतात. मला आमच्या धंद्यातल्या कुणी इतकी अचूक गोष्ट कधी सांगितली नव्हती.

उन्हाळ्यात लाइट घेऊन झाली. लाइट म्हणजे रेडिएशन. कातडी भाजली, काळी पडली, हळूहळू निवली. दुकान उघडलं आणि दाराशेजारच्या भिंतीवर बोटं चढवायला लागले. व्यायाम असा: भिंतीला तोंड करायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर वर जायचं. जिथे थांबेल तिथे मी खडूने रेघ मारत होते. त्या भिंतीवर वर एक दांडी आहे, तयार ब्लाऊज अडकवायची. तिथपर्यंत पोचायचं ठरवलं. बाजारातल्या बायका डोकावून विचारत, "भिंतीचं माप घेतेस काय गं?"

"हो. भिंतीचा ब्लाऊज शिवायचाय."

ज्येष्ठात मी आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, कटोरीच्या आकाराची पिशवी शिवली आणि चिमटीचिमटीने नागली भरत गेले. आरशात दोन्ही खांद्यांची रेघ सरळ दिसली तेव्हा थांबले. माझ्या शिवणाच्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला टक्स. डाव्या हाताने घातलेला, बोटाला टोपण लावून.

श्रावणात ती पिशवी धुतली, दुकानाच्या मागच्या खोलीतल्या दोरीवर टाकली आणि तपासणीसाठी मुंबईला बहिणीकडे गेले. चार-पाच दिवस राहिले. सततचा पाऊस, दुकान बंद, आत ओल. परत येऊन दार उघडलं आणि बघतच राहिले. पिशवीला केस फुटले होते! लुगड्याच्या विणीतून बारीक पांढरी मुळं खाली लोंबत होती आणि वर हिरवे कोंब, दाट, पोपटी, एकाला एक लागून. माझ्या डोक्यावर अजून बोटभर केस आले नव्हते. हिच्यावर मात्र जावळ आलं होतं.

मी खाली बसून हसले. यांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हे डॉक्टरांना दाखवायचं की शेतीच्या साहेबांना?"

काशीबाईला फोन लावला. ऐकून ती हसून हसून खोकायला लागली. "अगो, भाजली नायस?"

"भाजायची होती? तू सांगितलं नाहीस!"

"ते काय सांगाया पायजे? नागलीवाल्याची पोर तू! कच्चं बी ओलं केलं का उगावनारच ना?" मग तिचा आवाज खाली आला. "टाकू नको हां. घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी फडक्यात गुंडाळून, मांडीवर लेकरू घ्यावं तशी घेऊन मी वैशाखऱ्याला गेले. डोंगराला धुकं होतं, स्वप्नातल्यासारखंच. काशीबाईच्या वरकस जमिनीच्या तुकड्यावर, उतारावर, आम्ही दोघींनी पिशवी उसवली. मुळं कापडात गुंतली होती, एकेक काडी सोडवावी लागली. उजवा हात चिखलात घालायचा नव्हता. मी डाव्या हाताने रोपं लावली. काशीबाई ओळीने पुढे सरकत होती आणि जुन्याच चालीवर नवी ओळ जोडत होती,

"एक डोंगूर राहिला, एक डोंगूर गेला गो,
गेल्या डोंगराच्या जागी माळ हिरवा झाला गो."

तिला गाताना मी पन्नास वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी तिच्यासोबत मीही म्हटलं.

पावसाळाभर मी भिंत चढत राहिले. एक रेघ, अर्धी रेघ, कधी खाली. गिऱ्हाइकांची मापं घ्यायला लागले होते, कापायला शेजारच्या टेलरबाईंकडे देत होते. आता माझी बोलायची पद्धत बदलली आहे. टेपेला फरक नेहमीपेक्षा जास्त वाटला तर मी बोलते. "ताई, ह्या बाजूला एकदा डॉक्टरला दाखवून या." बहुतेकींचं काही नसतं, पण त्या चिडतात. एक म्हणाली, "तुम्ही टेलर की डॉक्टर?" मी म्हटलं, "टेलरच. म्हणून तर सांगते." ती पुन्हा आली नाही. दुसऱ्या एकीने मात्र परत येऊन माझा हात हातात घेतला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही.

दिवाळी सरली आणि एका दुपारी माझ्या मधल्या बोटाचं टोक वरच्या दांडीला लागलं. थंड लोखंड. मी बोट तिथेच ठेवून उभी राहिले. समोरचा भाजीवाला बघत होता, त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी काशीबाईचं हिरवं कापड टेबलावर पसरलं, खडूने आखलं आणि कात्री उचलली. सलग कापायचं नाही असं ठरवलं होतं. दोन वळणं कापायची, हात उशीवर ठेवायचा, पुन्हा दोन वळणं. एका ब्लाऊजला सगळी दुपार लागली. उजवीकडे टक्स घेतला, डावीकडचं कापडही डोंगरासारखंच कापलं, आत नागलीला खिसा ठेवला. कात्रीचा आवाज ऐकताना मी जागी होते की स्वप्नात, मला सांगता येणार नाही.

काशीबाई न्यायला आली तेव्हा पदरात पसाभर नागली बांधून आणली होती. "तुजी," म्हणाली. "तुज्या छातीवरची." ब्लाऊज घालून आरशासमोर उभी राहिली, दोन्ही हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. काहीच सरकलं नाही.

मग वळून तिने टेबलावरची टेप उचलली. "आता तुजं."

"माझं कशाला? मी जुन्यावरून बेतते."

"जुनी तू र्‍हायलीस का? हात वर कर."

तिला आकडे वाचता येत नाहीत. टेप फिरवायची, अंगठ्याचं नख दाबून धरायची आणि माझ्यासमोर नेऊन दाखवायची. मी आकडा वाचायचे. मी कॅलेंडरकडे बघत होते. हात वर होते, दोन्ही. श्वास धरला होता. आणि मी कुठेही गेले नाही, तिथेच राहिले.

विसाव्या वहीचं पहिलं पान माझं आहे. वर नाव, खाली मापं, डावीकडचं वेगळं आणि उजवीकडचं वेगळं. शेऱ्याच्या रकान्यापाशी मी थांबले. काशीबाईने विचारलं, "काय लिवतेस?"

मी लिहिलं: नागली भाजून भरणे. पेन उचललं, पदरातल्या त्या दाण्यांकडे पाहिलं आणि खाली आणखी एक ओळ घातली: मूठभर कच्ची ठेवणे.